लेकीचा प्रबंध आणि घरची चाळ

देवळाली प्रवरेहून आम्ही बचत गटातल्या बाया बोलतोय. आज विषय जरा वेगळा आहे, लेकीनं इंग्रजीत प्रबंध कसा लिहायचा. तुम्ही म्हणाल, यात आपलं काय काम? आहे, ऐका.

शेजारी राहुरीला कृषी विद्यापीठ आहे. आता आपल्याही मुली तिथं आणि बाहेरगावी एम.एस्सी.ला जातात. शेवटी प्रबंध लिहावा लागतो, तो इंग्रजीत. आमच्या गटातल्या एकीची लेक बाहेरच्या जिल्ह्यात शिकते. विषय कांद्याच्या साठवणीचा. तिनं चाळीतला कांदा महिनोन्‌महिने तोलला, सडका वेचून मोजला. काम चोख, पण लिहिलेलं पहिलं प्रकरण लाल शाईनं भरून परत आलं. दिवाळीला घरी आली ती परत जायचं नाव काढीना. घरात स्थळाची बोलणी सुरू झाली.

एका संध्याकाळी तिची आई म्हणाली, "इंग्रजी राहू दे. तू केलंस काय, ते आम्हाला सांग." पोरीनं सांगितलं. ओला कांदा चाळीत भरला तो लवकर सडला, नीट सुकवून भरला तो टिकला. किती किलोतला किती गेला, तेही सांगितलं. आम्हाला सगळं समजलं. मग तिनं लिहिलेलं मराठीत करून वाचलं, तर त्यात यातलं काहीच सापडेना. चार-चार ओळींचं एक वाक्य, आणि पुस्तकातून उचललेले मोठाले शब्द.

तेव्हा आम्हाला कळलं, नुसतं इंग्रजी अडलं नव्हतं. मनातलं सरळ सांगायचं सोडून ती दुसऱ्याच्या भाषेत बोलत होती.

यानंतर तिनं जे केलं, ते तुमच्या लेकींनाही सांगा. आधी मराठीत बोलायचं: कोणी केलं, काय केलं, किती, का. मग एका वाक्यात एकच गोष्ट लिहायची. मराठीत आपण म्हणतो, "मी कांदा तोलला", क्रियापद शेवटी. इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग येतं, "मी तोलला कांदा". वाक्य लांबलं की आपली मुलं इथंच चुकतात. दुसरी अडचण 'ए' आणि 'द' ची. मराठीत हे शब्दच नाहीत, म्हणून ते गळतात. अंगणात कुठलीतरी शेळी आली, तर 'ए गोट'. मग त्याच शेळीनं मेथी खाल्ली, तर 'द गोट'. लिहून झालं की मोठ्यानं वाचायचं. जिथं जीभ अडखळते, तिथं वाक्य तोडायचं.

आणि भीतीपोटी दुसऱ्याचं उतरवायचं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे नियम आहेत. मजकूर 10 टक्क्यांहून जास्त जुळला, तर प्रबंध दुरुस्तीला परत येतो. फारच जुळला, तर नोंदणीही जाऊ शकते. मोडकं का होईना, आपलं वाक्य सुधारता येतं.

आनंदीबाई जोशी 1883 साली, अठराव्या वर्षी अमेरिकेला गेल्या. 1886 मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांनी इंग्रजीत प्रबंध लिहिला तो आपल्याकडच्या बाळंतपणाच्या शास्त्रावर. विषय घरचाच घेतला. कमला सोहोनींनी 1939 साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, प्रबंध अवघ्या 40 पानांचा. पानं वाढवली म्हणजे विद्वत्ता वाढते असं नाही.

आपल्याला इंग्रजी येत नसेल, पण ऐकता येतं. गटाच्या बैठकीत शिकणाऱ्या मुलीला दहा मिनिटं द्या. तिनं आपलं काम मराठीत सांगावं, आपण विचारावं. आपल्याला समजलं नाही, तर तिला ते अजून नीट मांडायचंय. कांदा का सडतो, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक?

त्या लेकीचा प्रबंध अजून पुरा झालेला नाही. दोन प्रकरणं झालीत, लाल शाई कमी झालीय. ती परत गेली, आणि स्थळाचं बोलणं प्रबंध होईपर्यंत थांबवलंय. तेवढं थांबवणं आपल्या हातात होतं, मैत्रिणींनो.

राम राम.