अंधुक रेषेचे निदान

विजेची लहर डोळ्यांना दाखविणारे यंत्र म्हणजे ऑसिलोस्कोप. त्याचे मूळ १८९७ साली स्ट्रासबर्ग येथे कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी सिद्ध केलेल्या किरणनलिकेत आहे. नलिकेतील इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर बारीक ठिपका उमटवितो. तो वेगाने धावू लागला की रेषा दिसते. जुन्या यंत्रात ही रेषा फुगीर व अंधुक झाली, की नलिकाच संपली असे समजून पुष्कळजण यंत्र मोडीत काढतात. परंतु दृष्टी मंदावली म्हणजे डोळाच गेला, असे नव्हे.

प्रथम तेज कमी करून पाहावे. अतितेजाने निर्दोष रेषाही फुगते. मग मंद ठिपका स्थिर ठेवून फोकसचे बटण सावकाश फिरवावे. ठिपका लांबटच राहिला, तर अ‍ॅस्टिग्मॅटिझमची जुळणी करावी. बटण अगदी टोकाला नेल्यावरच तो सुधारत असेल, तर फोकसच्या दाबाची वाटणी करणारे रेझिस्टर तपासावेत. कार्बनच्या रेझिस्टरांचा रोध वयोमानाने वाढतो व दाब ढळतो. तेज वाढविताच चित्रही मोठे होऊ लागले, तर उच्च दाबाचा पुरवठा खचला असे समजावे.

मात्र तेथे हजारो व्होल्टांचा दाब असतो, आणि यंत्र बंद केल्यावरही तो कंडेन्सरांत टिकून राहतो. जाणत्याखेरीज कोणीही आत हात घालू नये. जोडीची नवी नलिका आज दुर्मिळ. पण पुष्कळदा एका क्षुल्लक रेझिस्टरानेच यंत्राची दृष्टी परत येते.