दात्यांचा चढ आणि वळणांचा चढ



काशीत वाढलेल्या मराठी मुलाला ‘घाट’ म्हटले की गंगेत उतरणाऱ्या पायऱ्या दिसतात. त्याच्या आजोळच्या माणसांना त्याच शब्दाने सह्याद्रीतून वर चढणारी नागमोडी वाट आठवते. या दुसऱ्या घाटावर आगगाडी कशी चढली, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

आगगाडी चढावर दुबळी ठरते. पोलादी चाक पोलादी रुळावर फार थोड्या घर्षणाने फिरते. म्हणूनच सपाटीवर एक इंजिन प्रचंड ओझे ओढू शकते आणि म्हणूनच तीव्र चढावर ते जागच्या जागी घसरू लागते. १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटात चढ ३७ मीटरला १ मीटर एवढाच होता. तरीही तेथे मध्येच गाडीची दिशा उलटवून तिला वर न्यावे लागे.

यावर युरोप-अमेरिकेत दातेरी रुळाचा उपाय निघाला. दोन रुळांच्या मध्ये दाते असलेली पट्टी बसवायची आणि इंजिनाखालचे दातेरी चाक त्यात अडकवून गाडी वर ढकलायची. अमेरिकेत माउंट वॉशिंग्टनवर १८६९ मध्ये आणि स्वित्झर्लंडमध्ये रिगी पर्वतावर १८७१ मध्ये अशा गाड्या धावू लागल्या. पुढे रोमन आब्ट या स्विस अभियंत्याने दोन पट्ट्या शेजारी अशा बसवल्या की एकीचा दाता दुसरीच्या खाचेसमोर यावा. त्यामुळे चाकाची पकड क्षणभरही सुटत नाही. भारतात ही रचना एकाच ठिकाणी आहे, निलगिरीत. १८९९ मध्ये मेट्टुपालयम ते कुन्नूर हा मार्ग सुरू झाला. तेथे सर्वांत तीव्र चढ साडेबारा मीटरला १ मीटर आहे आणि इंजिन गाडीच्या मागे राहून तिला वर रेटते.

महाराष्ट्रातील माथेरानची गाडी पुष्कळांना याच जातीची वाटते. ती तशी नाही, आणि तिची खरी गंमत तेथेच आहे.

नेरळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटरवर, म्हणजे आपल्या वाराणसीहूनही सखल. माथेरान सुमारे ८०० मीटरवर. दोहोंमधले अंतर सरळ रेषेत जेमतेम सात किलोमीटर. विद्यार्थ्यांनी भागाकार करून पाहावा: सरळ मार्ग टाकला असता तर चढ नऊ मीटरला १ मीटर झाला असता, निलगिरीहूनही उभा. दात्यांवाचून ते अशक्य होते. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी दुसरा मार्ग धरला. वडील सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने, सुमारे सोळा लाख रुपये खर्चून, त्यांनी १९०४ ते १९०७ या काळात हा लोहमार्ग उभारला. अंतर जवळजवळ तिप्पट, म्हणजे सुमारे एकवीस किलोमीटर केले आणि सर्वांत तीव्र चढ वीस मीटरला १ मीटर यावर रोखला. दोन रुळांतले अंतर अवघे दोन फूट ठेवल्यामुळे डोंगराच्या प्रत्येक घडीला वळसा घालता आला आणि साऱ्या मार्गावर एकच बोगदा पुरला. वळणांवर अडकू नयेत म्हणून जर्मनीहून आणलेल्या इंजिनांचे आस थोडे सरकतील असे बनवले होते. इंजिनाला वाटेत जेथे पाणी मिळे, त्या स्थानकाचे नाव आजही ‘वॉटर पाइप’च आहे.

वळणांचा हा चढ सोपा दिसतो. त्याची किंमत पावसाळ्यात कळते. मार्ग तिप्पट लांब, म्हणजे दरडीखाली येणारा आणि पायाखालची माती वाहून जाणारा डोंगरउतारही तिप्पट. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीने मार्ग उद्ध्वस्त केला; गाडी पुन्हा धावली ती २००७ मध्ये. २०१६ मध्ये डबे घसरल्याने ती थांबली. २०१९ च्या पावसाने पुन्हा मार्ग तोडला आणि नेरळहून पूर्ण प्रवास ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला.

‘खेळण्यातली गाडी’ हे लाडके नाव येथे घात करते. खेळणे मोडले तर हळहळ वाटते, कोणाचे अडत नाही. माथेरानात मोटारींना बंदी आहे. त्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढचे सुमारे अडीच किलोमीटर पायी, घोड्यावर, ई-रिक्षाने किंवा याच गाडीने जायचे. धान्याची पोती आणि गॅसच्या टाक्या घोड्यांच्या नाही तर माणसांच्या पाठीवरून येतात. आजाऱ्याला, गरोदर बाईला, म्हाताऱ्या माणसाला ते अडीच किलोमीटर किती लांब, हे सहलीला येणाऱ्याच्या लक्षात येत नाही. या मार्गाच्या दुरुस्तीचा खर्च पर्यटनाच्या हिशेबात मांडणे म्हणूनच अपुरे आहे. तो गावाच्या रस्त्याचा खर्च आहे.

आजही जूनच्या मध्यापासून पाऊस ओसरेपर्यंत नेरळ ते अमन लॉज हा मार्ग बंद असतो. अमन लॉज ते माथेरान एवढ्या तुकड्यावर मात्र, पावसाने फारच झोडपले नाही तर, छोटी गाडी चालू राहते. दस्तुरी नाक्यावर उतरलेले गावकरी पिशव्या सांभाळत तिच्यात चढतात.