ओव्हनची आच आणि बियाण्याचा ओलावा

सोयाबीनच्या बियाण्यात ओलावा किती, हे ठरवण्याची प्रमाणभूत पद्धत ओव्हनची आहे. भरडलेल्या दाण्यांचा नमुना १०३ अंश सेल्सिअसला सतरा तास वाळवतात. दोन अंशांहून अधिक फरक चालत नाही. वजनात येणारी घट म्हणजे नमुन्यातले पाणी. प्रमाणित बियाण्यात ओलावा १२ टक्क्यांपर्यंतच चालतो. पाच ग्रॅमच्या नमुन्यात १२ टक्के म्हणजे ६०० मिलिग्रॅम पाणी. टक्क्याचा दहावा भाग म्हणजे अवघे ५ मिलिग्रॅम. आच कमी पडली तर पाणी पुरते निघत नाही. जास्त झाली तर दाण्यातले इतर उडणारे घटकही जातात आणि ती घट ओलाव्याच्या खाती जमा होते.

अकोल्यात १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, १९७६ मध्ये स्थापन झालेल्या महाबीज या राज्य बियाणे महामंडळाचे मुख्यालयही तिथेच आहे. सोयाबीन हे अकोला आणि अमरावती जिल्ह्यांचे खरिपातले मुख्य पीक. त्यामुळे इथे ओव्हनची आच नेमकी राखण्याचा प्रश्न थेट पेरणीशी जोडलेला आहे.

ओव्हनमधला हीटर म्हणजे बहुधा नायक्रोमची, निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची, तार. २३० व्होल्टवर १,५०० वॅट देणारा हीटर सुमारे साडेसहा अँपिअर प्रवाह घेतो. त्याची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. लाइन १९० व्होल्टवर उतरली की तोच हीटर जेमतेम १,०२० वॅट देतो, म्हणजे एक तृतीयांश शक्ती जाते. रात्री व्होल्टेज चढले की ती परत येते. हीटर ठरावीक वेळ चालू-बंद करून भागत नाही, ते यामुळेच. तापमान मोजत राहून त्यानुसार शक्ती बदलावी लागते.

साधा थर्मोस्टॅट तापमान खाली गेले की हीटर पूर्ण चालू करतो आणि वर गेले की पूर्ण बंद करतो. पण बंद केल्यावरही तापलेली तार आणि पत्रा उष्णता देत राहतात, म्हणून पारा मर्यादेपलीकडे जातो आणि मग तितकाच खाली येतो. हा झोका आवरायचा तर शक्ती थोडीथोडी देता आली पाहिजे. त्यासाठी हीटर वारंवार जोडावा-तोडावा लागतो. यांत्रिक रिलेचे संपर्कबिंदू ठिणग्यांनी लवकर झिजतात. सॉलिड स्टेट रिलेत हलणारा भागच नसतो. तापमान वाचून रिलेला आज्ञा देणाऱ्या मायक्रोकंट्रोलरचा काही मिलिअँपिअरचा प्रवाह आतला छोटा एलईडी पेटवतो, त्याचा प्रकाश पलीकडच्या अर्धवाहकाला चालू करतो. दोन्ही बाजूंना फक्त प्रकाशाचा दुवा असल्याने २३० व्होल्ट नाजूक सर्किटपर्यंत पोहोचत नाहीत.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला शंभर अर्धलहरी. शून्य-छेद प्रकारचा रिले लहर शून्यावर आल्यावरच चालू होतो, त्यामुळे विद्युत गोंगाट कमी राहतो. दोन सेकंदांची खिडकी धरली तर तिच्यात २०० अर्धलहरी मावतात. ३० टक्के शक्ती हवी असेल तर ६० अर्धलहरी सोडायच्या आणि १४० अडवायच्या. अशा रीतीने अर्ध्या टक्क्याच्या पायरीने शक्ती बदलता येते. ओव्हन तापायला आणि निवायला मिनिटे घेतो, म्हणून दोन सेकंदांची ही चालू-बंद त्याला जाणवतही नाही.

किती टक्के द्यायचे, हे पीआयडी पद्धत ठरवते. तिचा पहिला भाग सध्याची तूट पाहतो, दुसरा साचत आलेली तूट आणि तिसरा तापमान बदलण्याचा वेग. गार ओव्हन ३० वरून १०३ अंशांवर चढत असताना दुसऱ्या भागात तूट साचत जाते आणि नंतर तीच तापमान मर्यादेपलीकडे ढकलते. म्हणून लक्ष्य पाच अंशांच्या अंतरावर येईपर्यंत हा भाग गोठवून ठेवावा.

मोजमापासाठी पीटी-१०० संवेदक योग्य. शून्य अंशाला त्याचा रोध १०० ओहम, १०३ अंशांना सुमारे १३९.६ ओहम, एका अंशाला फरक केवळ ०.३८ ओहम. जोडतारेचा रोध यात मिसळू नये म्हणून तीन तारांची जोडणी करतात. स्वस्त डीएस१८बी२० संवेदक या कामाचा नाही, कारण त्याची अर्ध्या अंशाची अचूकता ८५ अंशांपर्यंतच टिकते.

सतरा तासांचे घड्याळ नमुने ठेवल्यावर लगेच सुरू करायचे नसते. दार उघडल्याने उतरलेले तापमान पुन्हा १०३ वर आले की मोजणी सुरू होते. प्रोग्रॅममध्ये ही अट असावी. मधेच लाइन गेली तर किती वेळ गेली आणि तापमान कुठवर उतरले, याची नोंद बॅटरीवरच्या घड्याळाच्या आधारे ठेवावी. तापमान १०१ च्या खाली गेले असेल तर परीक्षण नव्याने घेणेच इष्ट.

चालू रिलेवर एक ते दीड व्होल्ट पडतात, म्हणजे साडेसहा अँपिअरला सात ते दहा वॅट उष्णता रिलेतच निर्माण होते. वऱ्हाडात मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात, बंद पेटीत त्याहून अधिक. म्हणून २५ अँपिअरचा रिले घ्यावा, तो पेस्ट लावून हीट सिंकवर बसवावा आणि पेटीला हवा जायला जागा ठेवावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की सॉलिड स्टेट रिले बिघडतो तेव्हा बहुधा चालू अवस्थेतच अडकतो. मायक्रोकंट्रोलरने कितीही बंद म्हटले तरी हीटर तापतच राहतो. त्यामुळे हीटरच्या मार्गात प्रोग्रॅमवर अवलंबून नसलेला, ठरावीक तापमानाला वीज तोडणारा स्वतंत्र कटआउट हवाच. सोबत फ्यूज, पत्र्याला पक्की अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही हवा. बंद रिलेतूनही काही मिलिअँपिअर गळती होते, म्हणून मुख्य स्विच बंद केल्याशिवाय हीटरच्या टोकांना हात लावू नये.

शेवटी पडद्यावरचा आकडा तपासून घ्यावा लागतो. प्रमाणित थर्मामीटर नमुन्याच्या जागी, वरच्या आणि खालच्या कप्प्यात ठेवून तिन्ही ठिकाणचा फरक नोंदवावा. एकाच बियाण्याचे दोन नमुने शेजारी वाळवावेत. त्यांच्या उत्तरांत ०.२ टक्क्यांहून अधिक अंतर पडले तर परीक्षण पुन्हा करावे. अंतर वारंवार पडत असेल तर भरड, वजन आणि ओव्हनमधले वाऱ्याचे फिरणे क्रमाने तपासावे.