नागराजमागचा पुण्याचा हात


पिंपरी, चिंचवड, चाकणच्या कारखान्यांतून पाळी संपवून घरी आलेल्या मंडळींनो,
लहानपणी नागराजचं कॉमिक वाचलंय?

नागराज दिल्लीच्या राज कॉमिक्सचा.
साल 1986.
पण त्याचे सुरुवातीचे अंक रेखाटले
पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी.

मुळीक हे अमर चित्र कथेचे चित्रकार.
देव, राजे, योद्धे काढून हात तयार झालेला.
अमिताभ बच्चन यांनाही त्यांनी
‘सुप्रीमो’ या कॉमिकचा नायक म्हणून चितारलं.

नागराजच्या अंगात विषारी साप.
दुष्ट शास्त्रज्ञ नागमणीने त्याला दहशतीचं हत्यार म्हणून घडवलं.
बाबा गोरखनाथांनी त्याला सोडवलं.
मग तो दहशतवाद्यांवरच उलटला!

पुढच्या वर्षी राज कॉमिक्समध्येच आला सुपर कमांडो ध्रुव.
त्याची ताकद म्हणजे डोकं आणि धाडस.
नंतर आला मुंबईचा डोगा,
कुत्र्याचा मुखवटा घालणारा.
पुढे या वीरांचा संघही झाला.
त्याचं नाव, ब्रह्मांड रक्षक.

तर मंडळी, पुन्हा सांगतो.
नागराज बोलला हिंदीत,
पण सुरुवातीला त्याला रंगरूप दिलं पुण्याच्या कुंचल्याने.
माळ्यावर जुने अंक असतील,
तर चित्रकाराचं नाव जरूर वाचा.