पाहुण्यांना आपला मुलूख सांगताना



मी बचत गटांची समन्वयक आहे. रायगडाच्या पायथ्याच्या काही गावांतले गट माझ्याकडे आहेत. एरवी या कार्यक्रमात मी तुमच्याशी बोलते ते कर्जाबद्दल, हप्त्याबद्दल, नाहीतर बँकेच्या कागदांबद्दल. आज विषय जरा वेगळा आहे. परदेशी पाहुणा आपल्या ओसरीवर जेवायला बसला आणि त्यानं आपल्या इतिहासाबद्दल विचारलं, तर आपण काय सांगायचं?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यातले ११ आपल्या महाराष्ट्रात आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. त्या यादीत आपला रायगड आहे. आमच्या काही गटांनी घरगुती जेवणाचं काम धरलंय. नाचणीची नाहीतर तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, मिरचीचा ठेचा, वर ताक. गडावरून उतरलेला माणूस भुकेला असतो, मांडी घालून बसतो आणि पोटभर जेवतो. जेवता जेवता प्रश्न विचारतो. गडावर गाइड सांगतो ते तो ऐकून घेतो, पण मनातलं विचारतो ते इथं, ताटावर बसून. कॉलेजात जाणारी एखादी मुलगी मध्ये बसून भाषा जुळवते.

आणि इथंच आपल्या बायका गप्प होतात. एका ताईनं मला सरळच सांगितलं, "मॅडम, भाकऱ्या शंभर सांगा, थापते. पण इतिहासाचं विचारू नका. एखादा शब्द इकडचा तिकडं झाला, कुणी मोबाइलवर धरला, तर गावात राहायचं आम्हाला."

ही भीती खोटी नाही. आपल्याकडे तारखेवरून वाद आहे, पुतळ्यावरून वाद आहे, समाधी कुणी शोधली यावरूनही वाद आहे. पण आपण गप्प राहिलो म्हणून पाहुणा रिकाम्या हातानं जात नाही. तो दुसऱ्या कुणाचं तरी ऐकून जातो आणि घरी जाऊन तेच सांगतो.

रायगडावर परदेशी पाहुणे काही आज पहिल्यांदा येत नाहीत. ६ जून १६७४ ला महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन गडावर हजर होता. त्या मंडळींची हकीकत जॉन फ्रायर नावाच्या इंग्रज डॉक्टरनं आपल्या प्रवासाच्या पुस्तकात दिली आहे. तिच्यात जेवणाचीसुद्धा नोंद आहे. इथली माणसं तूप घातलेली डाळतांदळाची खिचडी आवडीनं खातात, पण आमच्या मंडळींना ती फार दिवस रुचेना, असं त्यात आहे. मग त्यांच्यासाठी मटणाची सोय झाली. त्यांनी इतकं मटण संपवलं, की ते पुरवणारा म्हातारा खाटीक हे गिऱ्हाईक आहे तरी कोण, हे बघायला गड चढून वर आला! साडेतीनशे वर्षं झाली, तरी पाहुण्याला आपली खिचडी आवडली नाही हे लिहिलेलं राहिलं. पाहुणा काय घेऊन जातो, त्याला महत्त्व आहे ते असं.

आता हेही बघा. ऑक्झिंडन फक्त सोहळा बघायला आला नव्हता. राजापूरची वखार महाराजांच्या माणसांनी लुटली होती, तिची भरपाई त्याला हवी होती. आणि राजापूर का लुटलं? १६६० मध्ये महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले होते, तेव्हा राजापूरचे इंग्रज तोफा घेऊन सिद्दीच्या मदतीला गेले होते. इंग्रजांचं नुसतं गाऱ्हाणं वाचलं तर महाराज लुटारू वाटतात. आधीचं पान वाचलं की चित्र पालटतं. म्हणून कुणी पाहुणा म्हणाला की आमच्या पुस्तकात तुमच्या राजाला लुटारू म्हटलंय, तर चिडायचं नाही. त्याला पन्हाळा सांगायचा.

मैत्रिणींनो, खरं-खोटं कसं पारखायचं हे आपल्याला कुणी वेगळं शिकवायला नको. गटाच्या पंचसूत्रीत लेखे ठेवणं हे एक सूत्र आहेच. बैठकीत एखादी म्हणाली की मी गेल्या महिन्यात हप्ता भरला, तर आपण काय करतो? वही काढतो. नोंद असेल तर विषय संपला. नोंद नसेल तर तिला कुणी खोटारडी म्हणत नाही, पण भरला असं लिहीतही नाही. चौकशी करू म्हणतो आणि तसंच इतिवृत्तात टाकतो. इतिहासालाही हीच वही लावायची.

नोंद आहे ते ठामपणे सांगा. राज्याभिषेकाची तारीख सांगा. त्यानंतर अकरा दिवसांनी, १७ जूनला, पाचाडला जिजाबाईंनी देह ठेवला आणि त्यांची समाधी तिथंच आहे, हे सांगा. जगदीश्वराच्या देवळात पायरीच्या दगडावर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे, ते दाखवा. १८१८ मध्ये इंग्रजांनी गडावर तोफा डागल्या आणि गड जळाला, हेही सांगा. वर वाडे का दिसत नाहीत, नुसती जोती का उरलीत, हे पाहुण्याला त्यावरून कळतं.

दुसरं म्हणजे पिढ्यान् पिढ्या सांगत आलेलं. आपली हिरकणी बघा ना. दूध घालायला वर गेलेली बाई, दरवाजे बंद झाले आणि घरच्या तान्ह्यासाठी ती रात्री कडा उतरली. पाहुणे विचारतात, हे खरं घडलं का? सांगा, बुरुजाला तिचं नाव आहे आणि गोष्ट आमच्या आज्यांनी आम्हाला सांगितली. तिच्या काळचा कागद आमच्याकडे नाही. एवढं म्हटल्यानं हिरकणी लहान होत नाही. डोक्यावर ताकाचा हंडा घेऊन गड चढणाऱ्या बायका आजही आहेत, त्यांच्याकडे बघून गोष्टीत किती जीव आहे ते पाहुण्याला कळतं.

तिसरं म्हणजे ज्यावर आपलं आपल्यातच जमलेलं नाही. महाराजांच्या समाधीजवळ वाघ्या कुत्र्याचं स्मारक आहे, ते १९३६ मधलं. त्या काळच्या कागदांत वाघ्या सापडत नाही, असं म्हणणारे आहेत. दुसरीकडे त्या स्मारकाला होळकरांची देणगी लागलेली, म्हणून धनगर समाजाला त्याबद्दल माया आहे. २०१२ मध्ये तो पुतळा काढला गेला आणि परत बसवला गेला, २०२५ मध्ये वाद पुन्हा वर आला. जयंतीचंही तसंच. सरकारी जयंती १९ फेब्रुवारीला, काही ठिकाणी तिथीनं. पूर्वी तर जन्माच्या सालावरूनच वाद होता, कुणी १६२७ म्हणे, कुणी १६३०. समाधीच्या शोधाबद्दल कुणी जोतीरावांचं नाव घेतं, कुणी टिळकांचं. जोतीरावांचा पोवाडा १८६९ चा आणि टिळकांनी स्मारकासाठी वर्गणी सुरू केली ती १८९५ मध्ये, एवढं आपण नक्की सांगू शकतो. बाकीच्यावर आमच्याकडे दोन मतं आहेत, असं पाहुण्याला खुशाल सांगा. ज्या घरात चार माणसं असतात, तिथं दोन मतं असतात, हे त्यांनाही कळतं.

एक प्रश्न हमखास येतो, तुमचा राजा मुसलमानांशी लढला का? आमच्या एका गटात एक मुस्लिम ताई आहे. हा प्रश्न आला की ती पाणी आणायच्या निमित्तानं आत जायची. खरं तर याचं उत्तर सोपं आहे. महाराज आदिलशाहीशी लढले, मोगलांशी लढले, जंजिऱ्याच्या सिद्दीशी लढले, इंग्रज-पोर्तुगीजांशीही भिडले. औरंगजेबाकडून त्यांच्यावर चालून आला तो मिर्झाराजे जयसिंग हिंदू होता आणि महाराजांच्या आरमाराच्या मोठ्या अधिकाऱ्यांत दौलतखान होता. आता त्या गटात हे उत्तर तीच ताई देते.

सगळ्यात अवघड गोष्ट मी शेवटी ठेवली. पाहुण्यांना द्यायला आमच्या गटानं एक कागद करायचं ठरवलं, आसपास काय काय बघावं त्याची यादी. गड, पाचाडचा वाडा, जिजाऊंची समाधी. तेवढ्यात एक ताई म्हणाली, "महाडचं चवदार तळं लिहा." महाड इथून पंचवीसेक किलोमीटर. बैठक एकदम शांत झाली. मग एक काकू म्हणाल्या, "अगं, घरातलं उणं पाहुण्याला कशाला दाखवायचं?" काकू वाईट मनाच्या नाहीत. पाहुण्यासमोर घर झाकावं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. ती ताई बौद्ध समाजातली. ती शांतपणे म्हणाली, "काकू, तुम्हाला ते उणं वाटतं. माझ्या आजेसासऱ्यांनी तिथं ओंजळीनं पाणी प्यायलं. आमचा गड तोच."

वहीत नोंद काय आहे ती बघा. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा ठराव १९२३ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं तळं खुलं केलं, पण कागदावरच. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर लोकांना मारहाण झाली, तळ्याचं शुद्धीकरण केलं गेलं. डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरली, तिथं मनुस्मृती जाळली गेली. त्या परिषदेच्या मांडवाला जागा दिली ती फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थानं. बाबासाहेबांबरोबर सुरबानाना टिपणीस होते, अनंतराव चित्रे होते, म्हणजे इतर जातींतलीही माणसं होती. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायकांशीही बोलले. जात दाखवणारी लुगड्याची पद्धत आणि दागिने सोडा, असं त्यांनी सांगितलं. कोर्टातली लढाई चालूच राहिली, हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडलं.

यात उणं कुणाचं? पाणी अडवणाऱ्यांचं. ज्यांनी मार खाऊन ते सगळ्यांसाठी मोकळं केलं, त्यांचं कर्तृत्व का झाकायचं? परदेशी माणसाला जात ऐकून माहीत असतेच. आपण तळं लपवलं, तर इथं फक्त अन्याय झाला एवढंच तो घेऊन जाईल. तळं दाखवलं, तर त्याविरुद्ध इथलीच माणसं उभी राहिली, हेही तो घेऊन जाईल.

आमच्या यादीत चवदार तळं आलं. काकू म्हणाल्या, "मग पाहुण्यांना घेऊन तूच जा, आम्हाला काय सांगता येणार?" ती म्हणाली, "तुम्हीपण चला." चाळीस वर्षं काकू महाडच्या बाजाराला जातायत, तळ्याच्या पायऱ्या त्या कधी उतरल्या नव्हत्या. गेल्या. परत आल्यावर बैठकीत एवढंच म्हणाल्या, "पाणी साधंच आहे गं." पुढं त्या काही बोलल्या नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या गावातही असं एखादं देऊळ, दर्गा, बारव नाहीतर पार असेल, ज्याची गोष्ट प्रत्येक घरात वेगळी सांगतात. पुढच्या बैठकीत वसुली आटपली की अर्धा तास त्यासाठी ठेवा. लिहिलेलं काय, ऐकलेलं काय, वादातलं काय, ते वहीत वेगवेगळं लिहा. आणि यादी झाली की गटातल्या प्रत्येकीला विचारा, यात तुझी जागा आली का? एकीची जरी राहिली असेल, तरी यादी अजून पुरी झालेली नाही.

भेटू पुढच्या कार्यक्रमात. नमस्कार.