सातबारा एकाचा, पाणी गावाचं

सातबाऱ्यावर नाव एकाचं असलं, तरी जमिनीखालचं पाणी कुणाचं? नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारनं ठरवलं, गावाचं! पर्जन्यछायेतलं हे दुष्काळी गाव. कामासाठी माणसं बाहेर पडायची. १९९०च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढं ग्रामसभेनं नियम घातले. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही. जमीन बाहेरच्याला विकायची नाही. डोंगरावर कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसांचं, जनावरांचं पिण्याचं पाणी राखायचं, उरेल त्यावर पिकं ठरवायची. विहिरींना पाणी टिकलं, तशी गाव सोडलेली कुटुंबंही परतली. तुमच्या पुढच्या ग्रामसभेतही पाण्याचा हिशेब जरूर मागा.