शिकवणाऱ्याचं पुढे काय होतं?

आज एका सिनेमाबद्दल बोलते. अमेरिकेतला, १९८८ सालचा, नाव ‘बुल डरहॅम’. प्रेमाची गोष्ट आहे, हसवतोही खूप. पण बोलणं फार मोकळं, पोरांना घेऊन बघायला बसू नका.

गोष्ट बेसबॉलची. नियम येत नसले तरी अडत नाही. पिचर चेंडू टाकतो. फलंदाजाच्या मागे बसलेला कॅचर, आपल्या विकेटकीपरसारखा, कोणता चेंडू टाकायचा ते बोटांनी खुणावतो. एवढं पुरे. मोठ्या लीगच्या खाली छोट्या शहरांतून मायनर लीगचे संघ असतात. पगार थोडा, प्रवास बसने, आणि वरून बोलावणं येण्याची वाट. डरहॅमचा ‘बुल्स’ संघ खराच आहे. दिग्दर्शक रॉन शेल्टनही मायनर लीगमध्येच खेळलेला.

न्यूक हा नवा पिचर. हात तोफेसारखा, पण चेंडू कुठे जाईल ते त्यालाच ठाऊक नाही. एकदा तर तो बैलाचं सोंग घेतलेल्या माणसालाच लागतो! त्याला वळण लावायला जुना कॅचर आणतात, क्रॅश. आयुष्यभर खेळून मोठ्या लीगमध्ये फक्त २१ दिवस राहिलेला. एका प्रसंगात तो हिशेब मांडतो: ५०० वेळा खेळून १२५ फटके मारणारा खाली राहतो, १५० मारणारा वर जातो. फरक २५ फटक्यांचा, म्हणजे हंगामात आठवड्याला एक. हे ऐकताना मी हसायची थांबले.

शिकवण्याची त्याची रीत बघा. न्यूक खूण मानत नाही, तेव्हा क्रॅश हळूच समोरच्या फलंदाजालाच सांगतो, आता अमुक चेंडू येतोय. चेंडू मैदानाबाहेर! पुढे न्यूक ऐकायला लागतो. आणि एकदा ऐन सामन्यात सगळे पिचरभोवती गोळा होतात. वाटतं, डावपेच चाललेत. तर चर्चा काय, सोबत्याच्या लग्नात आहेर काय द्यायचा!

गावातली अ‍ॅनी दर हंगामात एका खेळाडूशी सूत जुळवते आणि त्याचा खेळही सुधारते. खेळ तिला पुरुषांपेक्षा जास्त कळतो, पण संघाच्या कागदावर तिचं नाव कुठेच नाही.

शेवटी न्यूकला वरून बोलावणं येतं. आणि क्रॅशला? मॅनेजर खोलीत बोलावून सांगतो, आता तरुण कॅचर आणायचाय. काम झालं, निघ. गटातल्या नव्या पोरीला वहीखातं शिकवलं, ती तालुक्याला गेली आणि आपण होतो तिथेच, असं जिचं झालंय तिला हा प्रसंग जास्त सांगायला नको. मॅनेजर वाईट माणूस नाही, त्यालाही ते जड जातं. म्हणून तर जास्त लागतं.

क्रॅश दुसऱ्या संघाकडून खेळून २४७वा होमरन मारतो. मायनर लीगमधला सर्वांत जास्त. त्याचा गाजावाजा नाही. त्याची नोंद ठेवलेली असते ती अ‍ॅनीने, आणि कुणाला सांगू नकोस असं त्यानेच तिला बजावलेलं असतं. खालच्या लीगमधला विक्रम मिरवायचा कसा?

मग तो तिच्या ओसरीवर येतो. बाहेर पाऊस. खेळणं सोडलं म्हणतो, कुठेतरी मॅनेजरची जागा मिळेल कदाचित, मला जमेल का? अ‍ॅनी लगेच भरभरून बोलायला लागते. तो म्हणतो, आज नको. आज नुसतं बसू.